सवयीचे दुःख : नवी ऑपरेटिंग सिस्टीम आणि संस्काराचा प्रश्न

संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलली की वापरणाऱ्याला काही दिवस, कधी काही महिने, त्रास होतो. हा त्रास तांत्रिक मानला जातो, पण त्याच्या मुळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे : बदलातून होणारे दुःख बदललेल्या वस्तूत असते की बदल सोसणाऱ्याच्या मनात? ते मनात असेल, तर सोसणे आणि मनाला वळण लावणे हाच मार्ग उरतो. वस्तूत असेल, तर तक्रार करणे आणि दुरुस्ती मागणे योग्य ठरते. सवय, आसक्ती आणि दुःख यांचे नाते भारतीय दर्शनांनी बारकाईने तपासले आहे. माणूस, त्याचे शरीर आणि त्याचे हत्यार यांच्या नात्याचा विचार विसाव्या शतकातील युरोपीय तत्त्वज्ञांनी केला आहे. हे दोन्ही विचार एकत्र ठेवले की या त्रासाचे तीन थर दिसतात : संस्काराचे दुःख, द्वेषाचे दुःख आणि लादलेल्या बदलाचे दुःख. तिन्हींचे कारण वेगळे आहे, म्हणून उपायही वेगळा आहे.

त्रासाचे स्वरूप

विंडोज ९५ ही प्रणाली ऑगस्ट १९९५ मध्ये आली आणि पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’चे बटण बसले. पुढच्या सतरा वर्षांत जगभरच्या कोट्यवधी हातांना त्या कोपऱ्याची सवय झाली. २६ ऑक्टोबर २०१२ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ८ मध्ये ते बटण नव्हते. संगणक बंद करायचा तर माउसचा बाण उजव्या कडेच्या कोपऱ्यात न्यायचा, तिथून एक पट्टी बाहेर येई, तीत ‘सेटिंग्ज’, त्यात ‘पॉवर’, त्यात ‘शट डाऊन’. पायऱ्या मोजक्याच होत्या आणि एकदा सांगितल्यावर कोणालाही समजत होत्या. तरीही हात पुन्हा पुन्हा डाव्या कोपऱ्याकडेच जाई.

ॲपलच्या मॅक संगणकांवर जुलै २०११ मध्ये ‘लायन’ ही आवृत्ती आली. तिच्यात पान सरकवण्याची दिशाच उलटी केलेली होती. आधी बोटे खाली ओढली की मजकूर वर सरके आणि पुढचा भाग दिसे. आता बोटे ज्या दिशेने जातील त्याच दिशेने मजकूर जाऊ लागला. विंडोज सोडून मॅककडे वळणाऱ्याची अडचण आणखी निराळी असते. नक्कल करण्याची आणि चिकटवण्याची अक्षरे दोन्हीकडे सी आणि व्ही हीच आहेत, पण सोबत दाबायची कळ एकीकडे कोपऱ्यातली, करंगळीने दाबायची कंट्रोल, तर दुसरीकडे स्पेसबारच्या शेजारची, अंगठ्याने दाबायची कमांड. खिडकी बंद करण्याची खूण एकीकडे उजवीकडे, दुसरीकडे डावीकडे.

या उदाहरणांतून एक गोष्ट स्पष्ट होते. हा त्रास अज्ञानाचा नाही. ज्याने आयुष्यात कधी संगणक हाताळलेला नाही, त्याला लायनची दिशा उलटी वाटत नाही आणि विंडोज ८ च्या डाव्या कोपऱ्यात काही हरवलेले दिसत नाही. ज्याचा हात जुन्या रचनेवर जितका बसलेला, तितका त्याला बदल खुपतो. २०११ मध्ये लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपची तिसरी आवृत्ती आली, तेव्हा तिच्यावर जाहीर टीका करून ‘एक्सएफसीई’ या साध्या डेस्कटॉपकडे वळणाऱ्यांत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः होते. संगणकाचे ज्ञान कमी म्हणून त्रास, हे स्पष्टीकरण तिथे लागू पडत नाही. हे दुःख आधीच अंगी असलेल्या ज्ञानाचे आहे.

हातात असलेले ज्ञान

गिल्बर्ट राइल या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये दोन प्रकारच्या ज्ञानांत भेद केला : एखादी गोष्ट अशी आहे हे माहीत असणे आणि एखादी गोष्ट करता येणे. पोहण्याचे नियम तोंडपाठ असलेला माणूस बुडू शकतो, आणि उत्तम पोहणाऱ्याला ते नियम सांगता येतीलच असे नाही. प्रणाली बदलली की पहिल्या प्रकारचे ज्ञान एका वाक्यात मिळते : बटण आता इथे आहे. दुसऱ्या प्रकारचे ज्ञान वाक्याने मिळत नाही. म्हणून ‘सांगितले तरी कसे लक्षात राहत नाही?’ हा कार्यालयांत आणि घरांत ऐकू येणारा प्रश्न चुकीच्या ठिकाणी बोट ठेवतो. लक्षात राहिलेले असते. हाताला ते अजून ठाऊक झालेले नसते.

मार्टिन हायडेगर यांनी १९२७ च्या ‘सत्ता आणि काल’ या ग्रंथात हातोड्याचे उदाहरण घेऊन हेच वेगळ्या बाजूने मांडले. काम सुरळीत चालू असते तेव्हा सुताराचे लक्ष हातोड्याकडे नसते, ते कामाकडे असते. हत्यार जणू नजरेआड होते. हातोडा मोडला, हरवला किंवा आडवा आला की तो एकाएकी वस्तू म्हणून समोर उभा राहतो. प्रणाली बदलल्यावर नेमके हेच घडते. पत्र लिहायला बसलेल्याचे लक्ष पत्रावरून उडून पडद्यावर जाते. जे साधन होते तेच विषय होऊन बसते. त्रासाचा मोठा भाग या लक्षभंगात असतो. गेलेला वेळ मिनिटांत मोजला तर तो पुष्कळदा किरकोळ भरतो.

मॉरिस मेर्लो-पाँती यांनी १९४५ मध्ये याच्याही पुढे जाऊन म्हटले की सवय शरीरात राहते आणि शरीराची कक्षाच वाढवते. दृष्टिहीन माणसाला काठीचे टोक हे स्पर्शाचे टोक होते. सरावलेल्या टंकलेखकाला अक्षरे कुठे आहेत हे बोटांनी माहीत असते, विचारले तर कदाचित सांगता येणार नाही. या दृष्टीने पाहिले तर प्रणाली बदलणे म्हणजे शरीराच्या विस्तारलेल्या भागात केलेला फेरफार ठरतो. त्यातून येणारी चीड क्षुल्लक वाटली तरी तिचे मूळ उथळ नाही.

संस्कार : दर्शनांची दृष्टी

सवय शरीरात किंवा मनात साठते म्हणजे काय होते, याचे उत्तर भारतीय दर्शने संस्कार या संकल्पनेने देतात. वैशेषिकांनी मानलेल्या चोवीस गुणांत संस्कार हा एक आहे आणि त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. वेग गतिमान वस्तूची गती टिकवतो. स्थितिस्थापक वाकवलेल्या वस्तूला मूळ आकारात परत आणतो. भावना अनुभवातून निर्माण होते आणि स्मृतीला कारण होते. यांपैकी भावना आत्म्याची आणि बाकीचे दोन भौतिक द्रव्यांचे मानले असले, तरी तिन्हींना एका नावाखाली ठेवण्यात मोठी सूक्ष्मता आहे. घडलेली गोष्ट मागे काही ठेवून जाते, आणि मागे राहिलेले पुढच्या हालचालीला आपल्या दिशेने ओढते, हे तिन्हींत समान आहे.

योगदर्शनाने यातील चक्राकार गती दाखवली. वृत्तीतून संस्कार होतो आणि संस्कारातून पुन्हा तशीच वृत्ती उठते. डाव्या कोपऱ्याकडे हात गेला, काम झाले, त्या कृतीचा ठसा उमटला; ठशाने पुढच्या वेळी हात तिकडेच नेला. हे चक्र चालू असते तोवर ते जाणवत नाही, कारण जग त्याच्याशी जुळलेले असते. पतंजलींनी दुःखाची कारणे सांगताना परिणाम आणि ताप यांच्याबरोबर संस्काराचाही उल्लेख केला आहे. एरवी बदलाचे दुःख म्हटले की काहीतरी गमावल्याचे दुःख डोळ्यांसमोर येते. संस्काराचे दुःख त्याहून वेगळे असते : काहीही गमावलेले नसताना, काम होण्याची सोय पूर्ण असताना, आतला ओघ आणि बाहेरची रचना यांची दिशा जुळत नाही, एवढ्यानेच ते निर्माण होते.

मराठी टंकलेखनात हा विरोध अगदी जवळून पाहता येतो. यांत्रिक टंकयंत्रावर ‘किती’ हा शब्द उमटवायचा तर आधी पहिली वेलांटी, मग क, मग त, मग दुसरी वेलांटी असा क्रम होता, कारण कागदावर पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे उमटते. संगणकावर युनिकोड आले आणि विंडोज २००० पासून देवनागरीला प्रणालीतच आधार मिळाला. त्यासोबतच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर क्रम बदलला : आधी क, मग वेलांटी, म्हणजे उच्चार होतो तसे. रफाराचेही तेच झाले. ‘धर्म’ लिहिताना टंकयंत्रावर म नंतर रफार येई. इन्स्क्रिप्टमध्ये र आणि हलन्त आधी, म नंतर. पहिली पद्धत डोळ्याला दिसणाऱ्या क्रमाची, दुसरी कानाला ऐकू येणाऱ्या क्रमाची. नव्याने शिकणाऱ्याला दुसरी सरळ वाटते. पण ज्या टंकलेखकाने पंचवीस वर्षे वेलांटी आधी दाबली, त्याच्या बोटांत डोळ्याचा क्रम मुरलेला असतो. नवी पद्धत तर्काने अधिक सुसंगत आहे हे त्याला पटते, आणि तरीही बोट आधी वेलांटीवरच पडते. बुद्धीला पटणे आणि संस्कार बदलणे या दोन वेगळ्या घटना आहेत, याचा याहून स्वच्छ पुरावा क्वचितच मिळेल.

दुसरा बाण

संस्काराचे हे दुःख स्वाभाविक आहे. त्यात कोणाचा दोष नाही. पण मन तिथे थांबत नाही. संयुत्तनिकायातील एका सुत्तात बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. शरीराला वेदना होते हा पहिला बाण. त्या वेदनेवर शोक, चिडचिड आणि आक्रोश करून अज्ञ माणूस स्वतःला दुसरा बाण लागू देतो. जाणत्यालाही पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही.

हात चुकीच्या कोपऱ्यात गेला हा पहिला बाण आहे. ‘सगळे बिघडवून ठेवले’, ‘आता हे आपल्याला जमायचे नाही’, ‘आपले वय झाले’ हे दुसरे बाण आहेत. यातील प्रत्येक वाक्य एका क्षणाच्या अडखळण्यावरून संपूर्ण प्रणालीबद्दल, किंवा संपूर्ण स्वतःबद्दल, निर्णय देते. योगदर्शनाच्या परिभाषेत हा द्वेष आहे. सुखाच्या अनुभवामागून येतो तो राग, म्हणजे ओढ. दुःखाच्या अनुभवामागून येतो तो द्वेष. दोन्ही क्लेशांत मोडतात आणि दोन्ही एकाच वेळी काम करतात. जुन्या प्रणालीच्या आठवणीला ओढ चिकटते आणि तिच्यातले दोष विसरले जातात. नव्या प्रणालीला द्वेष चिकटतो आणि तिच्यातली सोय दिसेनाशी होते. विंडोज एक्सपीविषयी अनेकांच्या मनात आजही जिव्हाळा आहे. तीच एक्सपी २००१ मध्ये नवी होती, तेव्हा तिच्या रंगीत रूपावर नाराज होणारे कमी नव्हते.

द्वेषाचे आणखी एक नुकसान आहे. तो शिकण्यात अडथळा आणतो. चिडलेला माणूस नवी रचना पाहत नाही, फक्त जुनीची अनुपस्थिती पाहतो. म्हणून हा दुसरा थर ओळखणे हे केवळ मनःशांतीसाठी नसून व्यवहारासाठीही आवश्यक आहे. तो पूर्णपणे वापरणाऱ्याच्या अखत्यारीतला आहे. एपिक्टेटस या स्टोइक विचारवंताने आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हा भेद सगळ्या विवेकाच्या आरंभी ठेवला होता. त्या भेदानुसार आपला निर्णय आपल्या हाती असलेल्या गोष्टींत येतो.

अभ्यास

पहिल्या थरावर, म्हणजे संस्काराच्या दुःखावर, उपाय अभ्यासाचा. चंचल मन आवरणे वाऱ्याला आवरण्याइतके कठीण वाटते, असे अर्जुन म्हणतो तेव्हा गीतेतील उत्तर अभ्यास आणि वैराग्य या जोडीचेच आहे. पतंजलींनीही हीच जोडी सांगितली आणि अभ्यास दृढ होण्यासाठी तीन अटी घातल्या : तो दीर्घकाळ असावा, अखंड असावा आणि आदराने केलेला असावा.

प्रणाली शिकताना या तिन्ही अटींचा अर्थ ठोस आहे. दीर्घकाळ म्हणजे पहिल्या आठवड्यावरून निष्कर्ष काढू नये. अखंडता म्हणजे एक दिवस नवी आणि दोन दिवस जुनी असे सुरुवातीला करू नये, कारण त्यामुळे दोन्ही ठसे अर्धवट राहतात. तिसरी अट सर्वांत दुर्लक्षित आहे. आदर म्हणजे नव्या रचनेमागे काही विचार असेल असे गृहीत धरणे. लायनमधील उलट्या दिशेमागे एक सुसंगत कल्पना होती : आयफोनवर आणि आयपॅडवर बोट कागद सरकवावा तसा मजकूर सरकवते, तीच रीत संगणकावर आणायची. ही कल्पना मनात धरून पान सरकवणाऱ्याला दिशा लवकर सरळ वाटू लागे. ‘उलटे केले’ एवढेच मनात धरणाऱ्याला ती उलटीच राही.

अभ्यासाने जुना संस्कार पुसला जातो काय? योगदर्शनाचे म्हणणे असे की नवा संस्कार जुन्याला अडवतो, त्याच्यावर मात करतो. अनुभवही तसाच आहे. अनेक वर्षांनी जुन्या यंत्रासमोर बसले की बोटे जुनी वाट धरतात. मेर्लो-पाँती यांनी ऑर्गनवादकाचे उदाहरण दिले आहे : अनोळखी ऑर्गन, पट्ट्यांची संख्या वेगळी, खुंट्या वेगळ्या ठिकाणी, तरी सुमारे तासभर सराव केला की अनुभवी वादक कार्यक्रमाला सिद्ध होतो. त्याला प्रत्येक खुंटीची जागा पाठ करावी लागत नाही. तो वाद्याच्या पूर्ण रचनेत शरीराने स्थिरावतो. कार्यालयात विंडोज आणि घरी मॅक वापरणारे अनेक जण याचीच साक्ष देतात. खुर्चीवर बसताच हात त्या त्या यंत्राचा होतो. म्हणून अभ्यासाचे ध्येय जुने विसरणे हे नाही. एकापेक्षा अधिक रचनांत सहज वावरण्याची क्षमता हे ते ध्येय आहे, आणि ती वाढली की वैराग्याचा अर्थही स्पष्ट होतो : कौशल्य टाकून देणे नव्हे, तर कौशल्य एकाच रचनेला बांधून न ठेवणे.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात ज्ञानदेव अभ्यासाला कोणतीच गोष्ट दुष्कर नसल्याचे सांगतात. अभ्यासाने विषही पचते, असे त्यांचे म्हणणे आहे. तिथला विषय ईश्वरप्राप्तीचा आहे आणि त्याची बरोबरी पडद्यावरच्या बटणाशी करता येत नाही. पण अभ्यासाची यंत्रणा लहान आणि मोठ्या कामात एकच असते, आणि लहान कामातली अधीरता मोठ्या कामातही तशीच सोबत येते.

तितिक्षेची मर्यादा

इथवरच्या विवेचनातून एक चुकीचा निष्कर्ष निघू शकतो : त्रास मनाचा आहे, म्हणून तक्रार व्यर्थ आहे. हा निष्कर्ष तिसऱ्या थराकडे डोळेझाक करतो. काही बदल चुकीचे असतात, काही लादलेले असतात, आणि काहींत खरोखरच काही गमावले जाते.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्णासारखे स्पर्श येतात आणि जातात, ते सहन कर, असा तितिक्षेचा उपदेश आहे. पण त्याच अध्यायात, थोड्याच श्लोकांनंतर, अर्जुनाला लढायलाही सांगितले आहे. म्हणजे तितिक्षा ही अन्यायापुढे गप्प बसण्याची आज्ञा नाही. कर्तव्य करताना मन ढळू नये, यासाठीची ती तयारी आहे. सोसणे आणि आक्षेप घेणे ही दोन्ही कर्मे एकाच माणसाकडून, एकाच वेळी होऊ शकतात.

विंडोज ८ चा पुढचा इतिहास याला पुष्टी देतो. लोकांच्या तीव्र नाराजीनंतर ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेल्या ८.१ आवृत्तीत स्टार्टचे बटण परतले आणि जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये स्टार्ट मेनूही परतला. तक्रार करणारे सगळे केवळ सवयीचे गुलाम असते, तर ही दुरुस्ती करण्याचे कारण नव्हते. बोटांनी हाताळायच्या टॅब्लेटसाठी योग्य असलेली मांडणी माउस आणि कळफलकावर काम करणाऱ्यांवर घातली गेली होती, हा आक्षेप वस्तूविषयीचा होता आणि तो बरोबर होता.

लादलेपणाचा प्रश्न याहून गंभीर आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचे प्रोसेसर लागतात. त्यामुळे चालू स्थितीतले अनेक जुने संगणक तिच्यासाठी अपात्र ठरले. जुन्या आवृत्तीवर सुरक्षेच्या दुरुस्त्या कायम पुरवत राहणे कोणालाही शक्य नाही, हे खरे आहे. तरी बदलाची वेळ एक पक्ष ठरवतो आणि किंमत दुसरा मोजतो, ही विषमता त्याने नाहीशी होत नाही.

ती किंमतही सर्वांना सारखी पडत नाही. पडदा-वाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीने प्रत्येक मेनूचा क्रम आणि प्रत्येक कळ स्मरणात बांधलेली असते. क्रम बदलला की तिला नजरेने शोध घेण्याची सोय नसते. निवृत्तीला आलेल्या कारकुनाला किंवा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाला शेजारी विचारायला कोणी असेलच असे नाही. त्यांना ‘सवय होईल’ असे सांगणे पहिल्या थराचा उपाय तिसऱ्या थराला लावणे आहे.

आणि काही हानी सवयीची नसतेच. युनिकोडपूर्वीच्या काळात मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टच्या संकेतांत साठवला जाई. श्री-लिपी, आकृती यांसारख्या संचांत टंकलेले ग्रंथ, दिवाळी अंक आणि संस्थांची दप्तरे नव्या प्रणालीवर तो फॉन्ट नसेल तर रोमन अक्षरांच्या निरर्थक ओळींसारखी दिसतात. तिथे हात नव्या जागी वळवण्याचा प्रश्न नाही. केलेले काम वाचता येत नाही, हा प्रश्न आहे. त्यावर अभ्यास आणि वैराग्य हे उत्तर नाही. रूपांतराची साधने आणि खुली मानके हे उत्तर आहे.

तीन थर, तीन उपाय

या विवेचनावरून मूळ प्रश्नाचे उत्तर असे निघते की हे दुःख एकाच ठिकाणी राहत नाही. हाताच्या आणि रचनेच्या विसंगतीतून येणारे दुःख दोघांच्या मध्ये असते आणि आदरपूर्वक अभ्यासाने ओसरते. त्यावर चढलेला द्वेष मनात असतो आणि तो ओळखल्याने सैल होतो. अन्याय्य किंवा सदोष बदलाचे दुःख रचनेत आणि ती लादणाऱ्या निर्णयात असते. ते निर्णय बदलल्यानेच दूर होते.

तिन्ही थर सुरुवातीला एकाच चिडीच्या रूपाने अनुभवाला येतात, म्हणून वेगळे करण्याची कसोटी हवी. पहिली कसोटी काळाची : काही आठवड्यांच्या मनापासून केलेल्या सरावानंतर जे ओसरते ते संस्काराचे, जे उरते त्याकडे वस्तूचा दोष म्हणून पाहावे. दुसरी कसोटी नवशिक्याची : ज्याला जुनी सवयच नाही त्यालाही जे अडते, ते सवयीचे नव्हे. तिसरी कसोटी हानीची : केवळ रीत बदलली आहे की केलेले काम, खर्चलेला पैसा किंवा कोणाचे स्वावलंबन हातचे गेले आहे, हे पाहावे. पहिल्या थरात राग व्यर्थ आहे आणि तिसऱ्यात मौन अयोग्य आहे.

यातून प्रणाली घडवणाऱ्यांचेही कर्तव्य ठरते. लोकांच्या हातात मुरलेले कौशल्य ही त्यांनी वर्षानुवर्षांच्या श्रमाने मिळवलेली मालमत्ता आहे. ती मोडणाऱ्या प्रत्येक बदलाला पुरेसे कारण असले पाहिजे. ते कारण सांगितले पाहिजे, बदलासाठी वेळ दिला पाहिजे, केलेले काम सुरक्षित राहिले पाहिजे आणि शक्य तिथे परतीची वाट ठेवली पाहिजे. लायनमध्ये पान सरकवण्याची जुनी दिशा सेटिंगमधील एका चौकटीवरची खूण काढून परत मिळत होती. ज्याला नवी रीत शिकायची त्याला ती खुली होती आणि ज्याला शिकायची नव्हती त्याच्यावर सक्ती नव्हती. अभ्यास स्वेच्छेने स्वीकारलेला असेल तरच त्यात आदर टिकतो, आणि पतंजलींच्या अटीप्रमाणे आदराशिवाय अभ्यास दृढ होत नाही. म्हणून वापरणाऱ्याची तितिक्षा आणि घडवणाऱ्याची जबाबदारी एकमेकींच्या विरोधात नाहीत. दुसरी पाळली गेली की पहिली सोपी होते.